सदतीस इंचांचा ओटा

१९ नोव्हेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं पत्र मिळालं. भावोजींचा गुडघा आता बरा आहे हे वाचून बरं वाटलं. भाचीची परीक्षा संपली असेल. मी ठीक आहे. घरभर सिमेंटची धूळ आहे, चहा बाल्कनीत करतोय, आणि तू ज्याच्यासाठी चार पानं खर्ची घातलीस तो ओटा तुझं पत्र पोचायच्या दोन दिवस आधीच फुटला होता. उत्तराला तीन आठवडे लावले, त्याला कामाचं निमित्त पुढे करता येईल. पण खोटं कशाला बोलू? पत्र आधी पोचलं असतं तरी फोडलाच असता.

तू लिहिलंयस, "आईचा ओटा तोडलास तर त्या घराचा उंबरठा मी पुन्हा ओलांडणार नाही." तू बोललेलं करतेस, हे मला लहानपणापासून माहीत आहे. आपण दोघंच उरलोय. तू आली नाहीस तर या घरी हक्काने येणारं दुसरं कुणी नाही. तरीही ओटा परत खाली येणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आधी कामाचं. मी जन्मभर लोकांच्या घरांचे नकाशे काढले, आणि आपल्याच घरी फ्रिज बाहेरच्या खोलीत होता. स्वयंपाकघराचं दार आत उघडायचं आणि उघडलं की निम्मी खोली खाऊन टाकायचं. ओट्यापासून दाराला वळसा घालून फ्रिजपर्यंत अकरा पावलं. मोजलीत मी. आता दार सरकतं केलंय, फ्रिज आत आलाय, तीन पावलांत काम होतं. ओट्याखालच्या अंधाऱ्या कपाटात डोकं घालून डबे शोधावे लागायचे, तिथे सुताराने खोल ड्रॉवर बसवलेत, ओढला की अगदी मागचा डबाही हाताशी येतो. सिंक खिडकीखाली नेलं. खोली इंचभरही वाढलेली नाही, पण आता दोन माणसं एकमेकांना कोपर न मारता उभी राहू शकतात.

आणि ओटा. सव्वीस इंच होता, आता सदतीस आहे. फोनवर मी पाठीचं कारण सांगितलं. तू म्हणालीस, दिवसभर टेबलाशी बसणाऱ्याची पाठ ओट्याने कशी दुखेल, घरकोंबड्या, जरा चालायला जात जा. तुझ्यापुढे गप्प बसायची मला सवयच लागली होती. म्हणून तर पत्र लिहितोय. फोनवर हे बोलायला गेलो असतो तर पहिल्याच वाक्याला तू माझं बोलणं तोडलं असतंस.

गवंडी माप घ्यायला आला तेव्हा टेप काढून म्हणाला, "बाईंना बोलवा. जे उभं राहणार त्यांच्या कोपरापासून वीतभर खाली ओटा धरतात."

"बाई नाहीत. मीच."

"आता तुम्ही हो, पण याआधी कोण करायचं?"

"आधीही मीच. नऊ वर्षं झाली."

कसं कोण जाणे, तोंडातून निघून गेलं. त्याने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "एवढा उंच माणूस या ओट्यावर? पाठ कामातून गेली असेल की." हे मी पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलं, आणि ते तुला नाही, टेप घेऊन आलेल्या परक्या माणसाला. त्याची मला लाज वाटते. म्हणून आता तुला सांगतो.

नऊ वर्षांपूर्वी आईचा हात भाजला होता ते आठवतं ना? तू तेव्हा मला लिहिलं होतंस, "तुझ्यासाठी राबताना भाजला." कढई उचलताना तिचा हात थरथरला आणि तेल सांडलं. त्याआधी वर्षभर ती कप दोन हातांनी धरायची, आणि माझं लक्ष नव्हतं, हा माझा गुन्हा कबूल. पण त्या दिवसानंतर आईने स्वयंपाक केलेला नाही. एकदाही नाही. मी करायचो आणि ती दारात खुर्ची टाकून माझा उद्धार करायची. "कांदा आहे तो, लाकूड नाही." असं मी शिकलो.

तुला सांगायचं नाही, हे वचन तिनेच घेतलं. म्हणाली, "तिला कळलं तर ती मला उचलून घेऊन जाईल. मला माझ्या घरात मरायचंय, कुणाची पाहुणी म्हणून नाही. मी आहे तोवर तोंड उघडायचं नाहीस."

तू यायचीस तेव्हा आमचं नाटक असायचं. सगळं सकाळीच उरकून मी पेपर घेऊन बाहेर बसायचो, आई डाव हातात धरून ओट्याशी उभी. तू आलीस की मला झापायचीस, "ऊठ ऐतोबा, म्हातारीला जरा हातभार लाव." एकदा मी खरंच उठलो, तर आई म्हणाली, "राहू दे गं, त्याला काय कळतंय यातलं." वर मला डोळा मारला. तू गेल्यावर आम्ही दोघं पोट धरून हसलो. तेव्हा हसू यायचं. पुढे येईनासं झालं.

कारण तू भावोजींसमोर, भाचीसमोर म्हणायला लागलीस की हा धडधाकट माणूस सत्तरीच्या आईला राबवून खातो. मागच्या वर्षी आई गेली त्याच आठवड्यात म्हणालीस, "शेवटपर्यंत करून घातलं तिने तुला, आता कळेल." ताई, शेवटचे पाच महिने मी तिला चमच्याने भरवत होतो. तुला दरवर्षी लिंबाच्या लोणच्याच्या बरण्या आल्या, त्या मी घातल्या. तू फोनवर तिला सांगायचीस, तुझ्या हाताला तोड नाही गं, आणि ती "हो का?" म्हणून माझ्याकडे बघायची. मला राग यायचा. तुझा यायचाच, तिचाही यायचा. ती गेली तरी थोडा अजून आहे.

तेव्हा तू ज्याला आईचा ओटा म्हणतेस तो नऊ वर्षं माझा होता, आणि माझ्या मापाचा नव्हता. जिराफ पाणी पितो तसा पाय फाकवून उभा राहायचो. वचन मी पाळलं. ते ती असेपर्यंतचं होतं. आता मी वाकणार नाही. ओट्यापुढेही नाही आणि तुझ्यापुढेही नाही.

जुना काळा दगड हवा असेल तर खुशाल घेऊन जा. बाल्कनीत भिंतीला टेकवून ठेवलाय. उचलायला दोन माणसं लागतात, तेव्हा भावोजींना गुडघा सांभाळून आण.

सुतार शनिवारी शेवटची फळी लावतोय. रविवारी दुपारी मी स्वयंपाक करणार आहे आणि दोन ताटं वाढणार आहे. यायचं की नाही ते तू ठरव, मी मनधरणी करणार नाही. आलीस तर पोटभर जेव. आणि आवडलं तर या वेळी आईचं नाव घेऊ नकोस. कोण करतंय ते तिला माहीत होतं.

तुला नऊ वर्षं जेवू घालणारा,
तुझा धाकटा भाऊ