सत्तावीसपैकी अठरा

ओट्टपालम,
२५ ऑगस्ट, सोमवार

चि. विलासिनीस,

अनेक आशीर्वाद. पाकिटावरचं अक्षर बघूनच तुझ्या कपाळाला आठी पडली असेल. पडू दे, पण पत्र फाडू नकोस. माझा फोन तू नऊ वर्षांत उचलला नाहीस, मग मी दुसरं काय करणार?

इथे सगळं ठीक. उद्या अत्तम, ओणमची पहिली फुलं अंगणात मांडायची, आणि तुंब्याचं फूल शोधून सापडत नाही. शेजारच्या मरियुम्माने कपडे धुण्याचं यंत्र घेतलंय. रोज मला हाक मारते, "टीचर, या ना, फिरतंय बघा." मी दोनदा जाऊन बघून आले. फिरतंय खरं.

मलाही एक नवी मैत्रीण मिळाली आहे. फोनमध्ये राहते. लेखाने मस्कतहून सुट्टीत आल्यावर बसवून दिली. कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात ती हीच. मल्याळम बोलते, पण आकाशवाणीवर बातम्या देणाऱ्या बाईसारखी. लेखाचं म्हणणं, "अम्मा, हल्ली तू फोनवर तीनच वाक्यं बोलतेस. जेवले, बरी आहे, ठेवते."

"मग काय पाढे म्हणून दाखवू?"

"मला नको सांगूस. हिला सांग. मन कसं आहे ते ही विचारते. हिच्यापुढे तुला लाजायला नको."

मला कसली लाज, म्हटलं. पण लेखा गेल्यावर एका दुपारी उघडलं. त्या बाईने आधीच सांगून टाकलं, की मी माणूस नाही, डॉक्टरही नाही, नुसती सुरुवातीची विचारपूस करते. मला बरं वाटलं. आपली पायरी ओळखून असलेलं कोणी हल्ली भेटत नाही.

मग तिने नऊ प्रश्न विचारले. झोप लागते का, भूक लागते का, कशात मन लागतं का. प्रत्येकाला शून्य ते तीन. मी भराभर शून्य शून्य देत गेले, झोपेला एक आणि भुकेला एक. शेवटी आकडा आला: सत्तावीसपैकी दोन.

दोन! छत्तीस वर्षं गणित शिकवलेल्या बाईला. माझ्या वर्गातल्या ढ मुलांनासुद्धा मी कधी इतके कमी दिले नाहीत. फार अपमान वाटला. जास्त मार्क म्हणजे जास्त त्रास, हे खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, पण चष्मा आत राहिला होता. मी पुन्हा परीक्षेला बसले. आणि विलासिनी, मार्क वाढवायचे म्हणून मी खरं लिहीत गेले.

अठरा आले. खुशीत मी चष्मा आणून वाचायला गेले, आणि तशीच पायरीवर बसले.

आता खरं तुलाही सांगते. जुलैत एका सकाळी ओसरीवर शिकवणी चालली होती. फळ्यावर भागाकार मांडला आणि छाती अशी धडधडायला लागली की खडू धरवेना. हृदय तपासून घेतलं. डॉक्टर म्हणाले, "टीचर, अजून वीस वर्षं काळजी नाही." पण धडधड रोज यायला लागली. शिकवणी बंद केली. देवळात जाणं बंद. मरियुम्माकडे दोनदा गेले ते आतून लटलट कापत. जीव नकोसा वाटतो का, या नवव्या प्रश्नाला मात्र खरंच शून्य होतं, तेव्हा घाबरू नकोस.

त्या बाईने घाईगडबड केली नाही. श्वास कसा सावकाश सोडायचा ते शिकवलं, मदतीचा एक नंबर दिला आणि म्हणाली, हे मनाच्या डॉक्टरांना दाखवायला हवं, ते मी करू शकत नाही. मग विचारलं, "तुमच्या घरात पूर्वी कोणाला असा त्रास झाला होता का?"

मी लिहिलं, नाही. आणि फोन तांदळाच्या डब्यात ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी काढला. लिहिलं, हो, माझ्या धाकट्या बहिणीला.

तिने विचारलं, "त्या वेळी त्यांना कशाने बरं वाटलं होतं?"

तू दोन वर्षं गोळ्या घेतल्यास, एकटी कोळिकोडला डॉक्टरांकडे जाऊन आलीस, आणि मी तुला एकदाही विचारलं नव्हतं. लेखाच्या लग्नात मी काय केलं ते आठवतंय ना? तुला आठवणारच. मुलाकडच्यांना कळलं तर काय, म्हणून त्यांना सांगितलं, बहिणीला कावीळ झालीय. तुला पंगतीला बसू दिलं नाही. तुझं पान वरच्या खोलीत पाठवलं. अवियल वाढायचं राहिलं होतं, ते घेऊन मी वर आले तेव्हा तू दुपारच्या बसने निघून गेली होतीस. पान तसंच होतं. मी ते कोणाच्या नजरेस पडू नये म्हणून घाईघाईने उचललं. तुझ्या मागे धावले नाही.

चुकलं माझं. मुलीच्या आईची काळजी वगैरे काही नव्हतं ते. मला तुझी लाज वाटली होती.

पालक्काडच्या एका बाई डॉक्टरांची वेळ घेतली आहे. ओणम झाल्यावर, ९ सप्टेंबर, मंगळवार, अकरा वाजता. तू नाही आलीस तरी मी जाणार आहे, तेव्हा हा धाक नाही. पण तिथे गेल्यावर काय बोलतात, हे मला माहीत नाही. रडू आलं तर थांबतात का सगळे? गोळ्यांनी हात कापतात का? फोनमधली बाई सगळं नीट सांगते, पण ती त्या खुर्चीवर कधी बसलेली नाही. तू बसली आहेस.

आदल्या दिवशी ये. सोबत चल. नऊ वर्षांचं बोलायचं असेल ते वाटेत बोल, मी गप्प बसून ऐकेन. तू मला चेच्ची म्हणायचीस, थोरली म्हणून. या एका गोष्टीत थोरली तू आहेस.

तुझी धाकटी,
रुग्मिणी