पाळण्याचा कौल

३ नोव्हेंबर, सोमवार

कार्ड मिळालं! निळं, गुळगुळीत, कडेला माझा फोटो. फोटोत मी अर्धवट झोपेत आहे. अपेक्षा म्हणाली, "फोटोचो काय दोष, तू तशीच दिसतंस!" ही अपेक्षा सोलणीला माझ्या शेजारी बसते. आमच्या काजू कारखान्यात आम्ही सगळ्या बायाच. भट्टीतून आलेला गर कोमट असतो तोवर सुरीने त्याची तांबूस साल काढायची. हात चालत राहतात आणि मन कुठेही जातं. माझं जरा जास्तच जातं.

तर कार्ड विम्याचं. भाऊंनी — म्हणजे परशुराम शेठ, आमचे मालक — सगळ्यांचा विमा उतरवलाय. थोडा वाटा आमच्या पगारातून, बाकी त्यांचा. नुसतं ॲडमिट झाल्यावर नाही, साधी तपासणी, औषधं, सगळ्याचा खर्च मिळणार. विकी, विम्याचा एजंट, गेल्या महिन्यात समजावून गेला तेव्हा हळूच म्हणाला होता, "फॅमिली प्लॅनिंगपण आहे हां यात." बाकीच्या तोंडाला पदर लावून हसल्या. मी नाही हसले.

कार्ड उशीखाली ठेवलंय. वेडेपणा, दुसरं काय!

७ नोव्हेंबर

इथे तरी नीट लिहावं.

अक्षयाच्या, माझ्या लेकीच्या बाळंतपणात माझं बीपी चढलं, झटके आले. मला त्यातलं फक्त पांढरं छत आठवतं. आपण तारकर्लीच्या पाण्यावर उताणे पडलोय, कान पाण्यात, माणसं लांब कुठेतरी बोलताहेत — असं काहीतरी. बरंच वाटत होतं, खरं सांगायचं तर. चंदनला, माझ्या नवऱ्याला, मात्र सगळं आठवतं. कणकवलीच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला बाहेर बोलावून सांगितलं, "दुसरं मूल म्हणजे हिच्या जिवाशी खेळ." गोळ्या मला चालत नाहीत, बीपीमुळे. ऑपरेशन बीपी आटोक्यात आल्याशिवाय करणार नाहीत. सरकारी दवाखान्यात तांबी फुकट बसवतात, ती बसवली — रक्त थांबेना, काढावी लागली. राहिली ती औषधवाली तांबी. ती बाहेरून आणायची आणि ती महाग.

चंदन तोंडवलीहून पर्यटकांना होडीतून डॉल्फिन दाखवायला नेतो. दिवसभर त्यांच्याशी हसून बोलतो. घरी आला की जेवतो, अक्षयाला थोपटतो आणि अंथरूण उचलून ओटीवर जातो. अक्षया चार वर्षांची झाली. निरोधाचा त्याला भरवसा नाही. "फाटलो तर?" म्हणतो. घाबरलाय तो. सासूबाईंना वाटतं आमचं भांडण आहे. मला शिकवतात, "घोवाक गोड बोलान घेवक होया गो!" हसावं की रडावं!

मला माझा नवरा परत हवाय. कुशीवर वळलं की हाताला लागेल इतका जवळ. बास, एवढंच.

८ नोव्हेंबर

स्वप्न पडलं. भरतीच्या पाण्यावर एक पाळणा तरंगत होता, रिकामा — आणि मला त्याचं मुळीच वाईट वाटत नव्हतं. मीच त्यात चढून झोपले.

१२ नोव्हेंबर, बुधवार

नाही मिळणार.

दुपारी विकीला फोन केला. म्हटलं, औषधवाल्या तांबीला कार्ड चालेल ना? तर तो चाचरायला लागला. "ताई, ते कलम भाऊंनी काढायला लावलं." का? खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं. भाऊंनी त्याला विचारलं होतं, फॅमिली प्लॅनिंग म्हंजे काय काय? आणि या शहाण्याने त्यांना सोपं करून सांगितलं — "पाळणो बंद करूचो खर्च, भाऊ."

पाळणा! भाऊंसमोर!

भाऊंना कित्येक वर्षं मूल नव्हतं. देवीला नवस केला आणि तन्वी झाली. देवळात गाभाऱ्याबाहेर टांगलेला वीतभर चांदीचा पाळणा त्यांचाच. कारखान्याला देवीचं नाव. पगारवाढ असो की नवीन भट्टी, आधी देवीला नारळ. त्या माणसाला सांगायचं, देवीच्या नावाच्या कारखान्यातून पाळणे बंद करायला पैसे द्या! विकीच्या तोंडून दुसरा कुठलाही शब्द निघाला असता तर भाऊंनी न बघता सही केली असती. एका शब्दाने घात केला.

आज सोलताना सुरी नीट चालेना, माझ्या ताटात सगळा तुकडाच पडला. अख्खा गर एक नाही.

१३ नोव्हेंबर

सोलणीच्या टेबलावर दिवसभर तोच विषय. अपेक्षा तापलेली. "वाटो माझ्या पगारातसून कापतत मां? मगे माझ्या पोटात काय होया नि काय नको, ता हेंका कित्या?"

पलीकडून कुणीतरी म्हणालं, "पैसे तेंचे, देवी तेंची. तेंच्या मनाक लागता तर कशाक जबरदस्ती?"

दोघींचं ऐकताना मला दोन्ही पटत होतं. मग वाटलं, देवी त्यांची म्हणजे? माझी नाही? लग्न होऊन आले तेव्हा पहिलं दर्शन तिचंच. झटक्यांतून उठले तेव्हा सासूबाईंनी ओटी भरली ती तिचीच. मला वाचवलं असेल तर तिनेच, मग मी पुन्हा तिथे जाऊन पडावं असं तिला कसं वाटेल?

असं काहीबाही मनात चाललं होतं आणि अपेक्षाने कोपर मारलं. "खंय पोचलंस? बोट कापशीत!"

१७ नोव्हेंबर, सोमवार

गेले भाऊंच्या केबिनमध्ये. घरून ठरवून गेले होते, शुद्ध भाषेत बोलायचं. "भाऊ, मला आपल्याशी जरा —" एवढंच जमलं. ते म्हणाले, "बस गो वर्षाली. पाणी पी." आणि माझी शुद्ध भाषा पळाली. सगळं सांगितलं. झटके, रक्त, डॉक्टरीणबाई. चंदन ओटीवर झोपतो हे काही सांगितलं नाही. ते कसं सांगणार!

ते मान खाली घालून ऐकत होते. मग म्हणाले, "तू आजारी पडलंस तर मी गाडी देयन, हॉस्पिटलाचो खर्च देयन. पण ह्या नको सांगू. आमी एका डॉक्टराची पायरी चढाक नाय. नुसती देवी. तिणा पाळणो दिल्यान, आणि मी तिच्याच नावान दुसऱ्यांचे पाळणे थांबवू? माझो हात धजना नाय गो."

डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. राग धरून गेले होते, तो धरवेना. चांगल्या माणसावर रागावणं फार कठीण काम.

मी उठले तेव्हा म्हणाले, "कौल लावूया. देवी व्हय म्हणाली तर माजी हरकत नाय."

१८ नोव्हेंबर

चंदनला सांगितलं. तो जाळं शिवत होता. गाठ मारता मारता विचारलं,

"आणि डावो इलो तर?"

"तर काय. तू नि तुझी ओटी."

हसला. मग हसू विरलं. "माका भिया वाटता वर्षा. तू तेव्हा माका वळखूक नाय होतंस."

हे त्याने कधी सांगितलं नव्हतं. त्याच्या हातातली सुई मी काढून घेतली आणि तशीच बसून राहिले. 

२३ नोव्हेंबर, रविवार

कौल झाला.

देवळात आम्ही सगळ्या बाया एका बाजूला, पुरुष दुसऱ्या. भाऊ, त्यांची बायको नर्मदा वहिनी आणि तन्वी पुढे. तुकाराम गुरवाने फुलाची ओली पाकळी देवीला लावली. उजवीकडे पडली तर होकार, डावीकडे पडली तर नकार. मग गाऱ्हाणं घातलं, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवीला साकडं. गुरवाचा आवाज असा की समईसुद्धा सरळ उभी राहावी.

"गे आवशी, बारा वहिवाटीचे धनीणी! तुझो लेकरू परशुराम तुझ्या पायाकडे इलो आसा. तेका तू पाळणो दिलंस —"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. देवी बाई असली तरी आमच्याकडे गाऱ्हाण्यात म्हाराजाच.

"— तर आता ह्या बायांचे पाळणे बंद करूक तुझ्याच नावाच्या कारखान्यातसून खर्च करूचो काय, तो कौल दी!"

"व्हय म्हाराजा!" — आणि सवयीने माझ्याही तोंडून निघालं! स्वतःच्या फाशीला स्वतःच हुंकार!

पाकळी लगेच पडली. डावी.

परतताना अपेक्षा चिडून म्हणाली, "तसा इचारल्यार देवी दुसरा काय सांगतली? तिका काय, विचारणारो पुरुष, सांगणारो पुरुष." खरंच आहे. गाऱ्हाण्यात झटके नव्हते, रक्त नव्हतं, मी नव्हते. नुसते पाळणे होते.

कार्ड उशीखालून काढून डब्यात टाकलं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

सोलताना डोळ्यांसमोर सगळं पिवळं झालं. शुद्धीवर आले तेव्हा डोकं वहिनींच्या मांडीवर. त्यांनी कुणाला विचारलं नाही, स्वतः गाडी काढली आणि कणकवलीला घेऊन गेल्या. वाटेत मी अर्धवट झोपेत. काजूची झाडं मागे पळत होती. ऊन आत यायचं, जायचं. मधेच वहिनी म्हणाल्या, माझ्याशी की रस्त्याशी ते कळलं नाही, "सुभद्रा. माजी मोठी भैण. अशीच झटके येवन गेली, पयल्याच बाळंतपणात."

डॉक्टरीणबाईंनी बीपी बघितलं, गोळी बदलली, पुन्हा तेच बजावलं. मग वहिनींकडे वळून म्हणाल्या, "नर्मदाताई! किती वर्षांनी! मुलगी मोठी झाली असेल?"

वहिनी नुसत्या हसल्या आणि पर्सची चेन लावत बसल्या. ती आधीच लागलेली होती.

आता घरी पडल्या पडल्या वाटतंय — एकाही डॉक्टरची पायरी चढलो नाही म्हणाले होते ना भाऊ? जाऊ दे. ओळख काय, कुठेही होते.

२७ नोव्हेंबर

चंदन आज ओटीवर गेला नाही. माझ्या पायाशी बसून राहिला, हात न लावता. ते जास्त वाईट.

४ डिसेंबर, गुरुवार

वहिनींनी मार्गशीर्षातल्या गुरुवारच्या हळदीकुंकवाला बोलावलं होतं. सगळ्यांची ओटी भरली. माझी भरताना एक म्हातारी म्हणाली, "फुडच्या वर्साक पाळणो हलांदे हो!" मी नारळ सांभाळत मान हलवली. माझ्या घरात ओटी म्हणजे चंदनचं अंथरूण, हे त्या बिचारीला काय माहीत.

सगळ्या गेल्यावर वहिनींनी मला थांबवलं. स्वयंपाकघरात उभ्या होत्या, हातात रिकामं तबक. विचारलं, "वर्षाली, गाऱ्हाणा बायल माणसान घातल्यार चलता गो?"

मी म्हटलं, "गुरव आयकाचो नाय."

"गुरवाचा सोड. देवी आयकात?"

म्हटलं, "तिका खंय पुरुष काय नि बाई काय."

त्या तबक पुसत राहिल्या. ते स्वच्छ होतं. म्हणाल्या, "ह्यांका मी सांगलंय, आयतवारी कौल परत लावा. गाऱ्हाणा मी घालतंय. म्हणाले, घाल. माझ्यार लय विश्वास तेंचो." आणि एकदम रडू लागल्या. मला काहीच कळेना. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मालकीणबाईंच्या पाठीवरून!

५ डिसेंबर

पुन्हा तो पाळणा स्वप्नात. या वेळी चांदीचा. आत कुणीतरी बाई पाठमोरी झोपली होती. मला वाटलं मीच — पण साडी वहिनींची होती.

७ डिसेंबर, रविवार

पाकळी लावली. गुरव बाजूला झाला, नाखुशीने. वहिनी पदर सावरून पुढे झाल्या. 

"गे आवशी, तुका सगळा म्हायत आसा. माजी भैण बाळंतपणात गेली. मी भियेललंय. लग्नाच्या आधीच आवशीन माका कणकवलेक नेल्यान, तांबी बसवन घेतललंय. बदलून बदलून ती इतकी वर्सां आत होती, आणि हे तुझ्याकडे नवस करीत होते. ह्यांचा रडणा माका बघवला नाय. एक दिस गेलंय, काढून टाकलंय. मगे तू तन्वी दिलंस. पाळणो तुझोच गे. पण तो घेवचो कधी, ता मी ठरवललंय. ता ह्या पोरींकाय ठरवूक दी."

कुणी व्हय म्हाराजा म्हटलं नाही. पाकळी कधी पडली, उजवी की डावी, कुणी बघितलंच नाही. सगळे भाऊंकडे बघत होतो. ते चांदीच्या पाळण्याकडे बघत होते. मग बारीक आवाज आला, एकट्या त्यांचाच.

"व्हय म्हाराजा."