रेशीमकिड्यांची खोली

मर्गिलान,
तुती पिकायचे दिवस

प्रिय इनोम,

पाकीट हातात पडल्यावर तू ते आधी उलटंसुलटं करून बघशील आणि मुलाला म्हणशील, "उलमास मेला की काय? जिवंत माणूस हल्ली पत्र लिहितो होय!" मेलो नाही. पोट सुटलंय, दाढी पांढरी झाली, लग्नाच्या हॉलवर आता मुलगा बसतो आणि मी घरात बसून सगळ्यांना पिडतो, असं रोबियाचं म्हणणं. तू रागावलायस हेही मला ठाऊक आहे. ईदला तू फोन केलास तो फक्त तिला. "वहिनी, तुमच्या साहेबांना देऊ नका. त्यांना सगळं छानच वाटतं," असं म्हणालास. तिने ते मला जसंच्या तसं सांगितलं, तुझ्या आवाजासकट. बायकोला नकला येत असल्या की हा एक ताप असतो. त्याबद्दल शेवटी लिहितो. आधी खोलीबद्दल लिहू दे, कारण खोली सांगितल्याशिवाय पुढचं सांगताच येणार नाही.

आमच्या अंगणाच्या टोकाची ती छोटी खोली तुला आठवत असेलच. आई दर वसंतात तिथे रेशमाचे किडे वाढवायची. फळ्यांवर तुतीच्या फांद्या पसरलेल्या, आणि ते दिवस संपेपर्यंत घरातल्या सगळ्यांनी हळू बोलायचं, कारण मोठ्या आवाजाने किडे खाणं सोडतात असं ती मानायची. बापाला सुद्धा शिंकायचं असेल तर गल्लीत जावं लागायचं. आपण दोघं दाराशी पालथे पडून किड्यांचं खाणं ऐकायचो. तू म्हणायचास, पाऊस पडतोय. मी म्हणायचो, नाही रे, कुणीतरी सुपात तांदूळ घोळवतंय. त्याच दाराशी आपलं ठरलं होतं, की म्हातारे झालो की याच खोलीत तू तुझं दोन तारांचं दुतार वाजवायचास आणि मी ऐकायचं. देवाने तुला बोटं दिली होती, मला कान. मला एक सूर कधी धड वाजवता आला नाही, पण बाजाराच्या फाटकाजवळच्या टपरीत रेडिओ दुरुस्त करायचो तेव्हा झाकण न उघडता, नुसत्या गुरगुरीवरून कुठला भाग गेलाय ते सांगायचो. त्या कानांवरच सगळं उभं केलं. आधी कर्णे भाड्याने दिले, मग मोठे स्पीकर, मग हॉल. माझ्या हॉलचा आवाज कालव्यापलीकडे जातो असं लोक कौतुकाने सांगायचे, आणि मी मिशीतल्या मिशीत हसायचो. तू एकदाच तिथे वाजवलंस आणि खाली उतरून म्हणालास, "माझ्या दोन तारा म्हणजे कुजबूज आहे, उलमास. कुजबूज कर्ण्यात घालू नकोस." नंतर तू मुलाकडे अल्माटीला गेलास. दरवर्षी आपण म्हणत राहिलो, पुढच्या वर्षी सवड काढू. किती सहज म्हणायचो.

गेल्या वसंतात मी सवड काढली आणि ती खोली तुझ्या दुतारसाठी लावायला घेतली. मुलगा म्हणाला, बाहेरून काळा स्पंज मागवू, हल्ली सगळे तोच लावतात. मी म्हटलं, ज्या घरात दुलयांचा ढीग छताला टेकलाय तिथे स्पंज कशाला? गुलचेहराने, म्हणजे आमच्या सुनेने, माहेरून आणलेल्या दुलया पेटाऱ्यावरून खाली काढल्या. आतमध्ये आपल्याच खोऱ्यातला कापूस, त्याच्याइतका आवाज कोण पिणार! लाकडी चौकटी केल्या, भिंतीपासून वीतभर पुढे उभ्या केल्या आणि त्यांवर दुलया ताणल्या. भिंतीला चिकटवली की दुलई फक्त बारीक आवाज गिळते. मागे हवा सोडली की जाडही गिळते. घुमणारा आवाज कोपऱ्यात साचतो, म्हणून कोपऱ्यांत वळकट्या उभ्या केल्या. समोरच्या भिंतीवर गवंडी उस्ता हैदरकडून प्लास्टरचे लहानमोठे कोनाडे करून घेतले, म्हणजे सूर तिथे आपटून सरळ परत न येता विखरून येईल. छताच्या अर्धगोल काठ्यांना मी हात लावला नाही. आजोबांनी त्या नकळत बरोबर बसवल्यात. रोबिया म्हणाली, "सुनेचं माहेर खिळे ठोकून भिंतीला लावलंत!" आणि आपल्याकडे सुनेच्या दुलया पेटाऱ्यावरून उतरल्या की गल्ली काय समजते ते तुला माहीत आहे. शेजारच्या म्हाताऱ्या एकामागून एक डोकावून गेल्या. "काय गं पोरी, परत चाललीस का माहेरी? काय केलं त्यांनी तुला?" गुलचेहराने सगळ्यांना चहा पाजला आणि सांगितलं, "मी इथेच आहे. दुलया गाणं शिकायला गेल्यात."

खोली तपासायला मी लावा पक्षी टांगला. भोपळ्याच्या पिंजऱ्यातला, धारदार गळ्याचा, मी स्वतः ऐकून निवडलेला. ज्या खोलीत लाव्याची हाक स्वच्छ उमटते तिथे दुतारवरच्या नखाचा आवाजही उमटणार, एवढा साधा हिशोब. पण हाकेला धारच येईना. मला वाटलं, दुलया जास्त झाल्या. एका भिंतीवरच्या काढल्या. तरी नाही. मग पक्ष्याचं बाजरीचं खाणं बदलून पाहिलं. मग पक्षीच बदलून आणायला बाजारात गेलो, तर विकणारा हात जोडून म्हणाला, "उलमास अका, हा पक्षी अख्खा बाजार उठवतोय. तुम्हाला नक्की लावा हवाय की कोंबडा?" लोक हसले. मीही हसलो, आणि घरी येऊन आणखी दोन चौकटी उतरवल्या. शरद येईपर्यंत खोली उघडी पडली. उस्ता हैदरने आत येऊन एक टाळी वाजवली आणि कपाळावर हात मारला. "अका, ही गाण्याची खोली होती, तुम्ही हिचं न्हाणीघर केलंत." नात मुनिसा आत हसली की गुलचेहरा कानांवर हात ठेवायची. मी सगळ्यांना सुनावलं, तुमचे कान माझ्या हॉलमधल्या स्पीकरांनी बिघडलेत. हे मी म्हणालो, इनोम. मी.

या वसंतात एका सकाळी अंगणातल्या चौथऱ्यावर आम्ही नान आणि चहा घेऊन बसलो होतो. द्राक्षाच्या मांडवाला पिंजरा टांगलेला. रोबिया म्हणाली, "आज स्वारी अगदी रंगात आलीय." मला वाटलं, ती मुनिसाबद्दल बोलतेय, म्हणून मी दाराकडे बघितलं. तिने हनुवटीने वर खूण केली. मी वर पाहिलं. पक्षी मान ताणून उभा होता. गळा फुगत होता, चोच उघडत होती, मिटत होती, पुन्हा उघडत होती. आणि माझ्यासाठी अंगण अगदी शांत होतं. मी चहाचा घोट घेतला आणि म्हणालो, "हो, रंगात आहे खरा." रोबियाने पियाला खाली ठेवला. इतक्या वर्षांत ती माझ्याशी एवढ्या हळू कधी बोलली नव्हती, म्हणून ती काय म्हणाली ते मला ओठांवरूनच कळलं. "अहो, कधीपासून?"

फरगानाच्या डॉक्टरने सांगितलं ते तुला वेगळं सांगायला नको. स्पीकरांशेजारी उभं राहून घालवलेलं आयुष्य. बारीक आवाज आधी जातात, जाड मागाहून. मुलाने कानात घालायचं यंत्र आणलंय. त्यातून पियाल्यांची किणकिण हातोड्यासारखी येते आणि रोबिया माझ्या जुन्या टपरीतल्या बिघडलेल्या रेडिओतून बोलते. खोली मात्र आम्ही पुन्हा लावली. या वेळी मी मधोमध उभा राहून टाळी वाजवायचो आणि त्या दोघींच्या तोंडांकडे बघायचो. गुलचेहरा म्हणायची, "बाबा, इथे अजून खणखणतंय," की तिथे दुलई. रोबिया म्हणायची, "आता फार मुकं झालं," की एक चौकट खाली. परवा दोघींनी एकदमच माना हलवल्या. खोली झाली म्हणे. मी त्यांच्यावर विश्वास ठेवलाय.

आता ते, जे मला फोनवर सांगता आलं नाही. हिवाळ्यात तुझा फोन आला तेव्हा माझ्या कानात नुसती भुणभुण होती. गेली दोन वर्षं तुझ्या प्रत्येक फोनला तशीच असायची, आणि मी अंदाजाने "हो हो, छान छान" म्हणून रोबियाच्या हातात द्यायचो. त्या दिवशीही तसंच म्हणालो. हबीबा आपा गेल्याचं तू सांगत होतास, हे मला रोबियाने फोन ठेवल्यावर सांगितलं. तुझ्या ज्या थोरल्या बहिणीने लहानपणी आपल्या दोघांना एकाच तंदूरची नान वाटून दिली, तिच्या मरणाला मी "छान" म्हणालो. लगेच तुला फोन करावा तर पुन्हा तेच झालं असतं, आणि कानांवर जगलेल्या माणसाला आपले कान गेले हे कबूल करवेना. फोन खराब आहे, एवढंच घरात सांगत राहिलो. तू माझ्यावर रागाव, पण ये. डॉक्टर म्हणतो, जाड स्वर अजून बरेच शाबूत आहेत, किती दिवस ते सांगता येत नाही. तुझ्या रेशमी तारा जाडच आहेत. आईच्या किड्यांच्या खोलीत समोर बस, गुडघ्याला गुडघा लावून, आणि हबीबा आपाला आवडायचं ते वाजव. जे ऐकू येणार नाही ते तुझ्या बोटांवरून बघेन. पण या वेळी जेवढं खरोखर ऐकू येईल, तेवढ्यालाच छान म्हणेन.

तुझाच,
उलमास