ताडकळसच्या बाजारातली मयत

श्री खंडोबाची कृपा
दसऱ्याचा आदला दिवस, सन १९६०

चि. किशनराव, पूर्णा टेसनावरचे सांधेवाले, यांस धुरपता अक्काचा आशीर्वाद. (तू धाकटा हायेस, पण सरकारी टोपीला मान द्यावा म्हणून "यांस" लिहिलं. फुगू नको.) तुझा गुडघा कसा हाय? कोकिळा भावजयीचा खोकला थांबला का? तिनं बांधून दिलेल्या दशम्या लय चांगल्या झाल्या होत्या, मीठ बेताचं होतं. मिठाचं पुढं येणारच हाय. इकडं आमी समदे खुशाल. नातीच्या पाटीवर अक्षर गिरवून गिरवून मला आता एवढं लिहिता यायलंय, तवा अक्षराला नावं ठेवू नको. तुझं अक्षर तरी कुठं मोत्याचं हाय?

आधी तुझे उपकार मानते, मग शिव्या देते. उपकार असे की गांधीबाबाचा पुतळा तू मालगाडीतून सहीसलामत उतरवून घेतलास. नाकाचा टवकासुद्धा उडू दिला न्हाईस. मी तुझ्याकडून गावाला परत निघालेच होते, तर पुतळा न्यायला आलेल्या आपल्या गावच्या मुंजाजीच्या बैलगाडीत मला बसवून दिलंस, पायपीट वाचवलीस. आता शिव्या. सिमिटाचा उभा माणूस आडवा न्यायचा, हलू नये म्हणून तू त्याला बांबूच्या शिडीवर निजवून सुतळीनं आवळलास. वरून पांढरं कापड गुंडाळलंस. तुझ्या टेसनमास्तरानं हार घातला, हमालांनी गुलाल टाकला. आणि मला म्हणालास, "अक्का, डोकं मांडीवर घेऊन बस, हादरे बसतील." किशन, जरा डोळे मिटून ती गाडी बघ. शिडी, सुतळी, पांढरं कापड, हार, गुलाल, आणि डोकं मांडीवर घेऊन बसलेली म्हातारी. काय दिसतंय तुला?

रस्त्यात समद्यांना तेच दिसलं.

त्यात आपल्या गावच्या पुतळा कमिटीच्या आबासाहेबांचा हुकूम. पाहुणे येऊन पडदा सरकवतील, तवर बाबाचं तोंड कुणाला दिसता कामा न्हाई आणि नावसुद्धा काढायचं न्हाई. मुंजाजी हुकमाचा पक्का. (त्याला न्हाई तरी बोलायचा कंटाळाच हाय.) मी आपली गप. पहिल्याच गावाच्या विहिरीवर बाया घागरी घेऊन बाजूला सरल्या, एकीनं रस्त्यावर पाणी शिंपडलं. मला वाटलं, धूळ लय म्हणून. पुढं एक म्हातारा पटका काढून शिवेपर्यंत गाडीमागं चालत आला. मग एक शेतकरी धुऱ्यावरून पळत आला आणि विचारलं, लाकडं हायेत का, मी बाभूळ तोडून ठेवलीय, कोरडीखट्ट हाय, गाडीभर घेऊन जा. तवा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. आता सांग, त्याला काय सांगणार? नको म्हणाले तर म्हणाला, संकोच करू नका बाई, असल्या वक्ताला आपलं परकं नसतं. त्याच्या बाभळीचं काम पडलं न्हाई, पण तो माणूस मी विसरायची न्हाई. नाव विचारायचं राहिलं.

खरं सांगू का, मी गप राहिले ती एकट्या आबासाहेबांमुळं न्हाई. तुला ठाऊकच हाय. तुझे दाजी त्या रझाकाराच्या साली भादव्यात घरातून गेले ते गेले. कुणी मारलं, पुरात गेले, का कुठं दुसरी चूल मांडली, आजवर कळलं न्हाई. बारा वर्षं मी कुंकू लावायले, आणि हळदीकुंकवाला बोलवावं का न्हाई म्हणून बाया दारातनंच परत जायल्यात. धड सवाशीण न्हाई, धड रांडाव न्हाई. बारा वर्षं भरली, पळसाच्या पानांचा बाहुला करून जाळा आणि मोकळ्या व्हा, असं भावकी म्हणायली. मी तयार होते. पण माझी नणंद बायनाबाई, ताडकळसला दिलेली, तिनं निरोप पाठवला की माझा भाऊ जित्ता हाय, त्याच्या नावानं काडी ओढलीस तर तळतळाट लागंल. हेच विचारायला मी तुझ्याकडं आले होते, आणि तू म्हणालास, अक्का, तुझं तू बघ. (एवढ्या सल्ल्यासाठी मी रेल्वेच्या माणसाकडं आले.) बायनाबाई बारा वर्षं माझ्याशी बोलत न्हाई. बाजारात दिसले की तोंड फिरवती. तिचं म्हणणं, माझ्या तोंडामुळंच तिचा भाऊ घर सोडून गेला.

आणि गाडी ताडकळसात शिरली ती ऐन बाजारात. भज्यावाल्यानं कढई खाली उतरवली. बागवानानं आरोळी अर्ध्यात गिळली. माळणीनं झेंडूची आख्खी पाटी गाडीत ओतली. बाजार असा उभा राहिला की बैलंसुद्धा बावरून थांबली. आणि मिरच्यांच्या ढिगामागून बायनाबाई उठली. तिनं मला बघितलं, मांडीवरचं डोकं बघितलं, आणि तिनं जो हंबरडा फोडला तो तुला पूर्णेला ऐकू आला नसंल तर इंजनाची शिटी वाजली असंल. "चंद्रभान! सापडला गं माझा चंद्रभान!" म्हणत ती गाडीत चढली. नवरात्राचा निरंकार उपास, डोळ्यात मोतीबिंदू, तरी चढली. मुंजाजी आडवा आला तर त्याला कोपरानं ढकलला. आणि टराटरा तोंडावरचं कापड फाडलं.

आता आबासाहेबांचा हुकूम गेला उडत. मी म्हणणार होते, बाई, हे ते न्हाईत. पण तिचे हात त्या सिमिटाच्या गालावरून फिरायले होते, आणि मी ते डोकं हलू नये म्हणून दोन्ही हातांनी धरलं. "किती वाळलास रे," म्हणाली. "केस गेले. दात पण गेले का? आणि चष्मा कवा लागला रे तुला?" डोळे बघू दे म्हणून तिनं तो तारेचा चष्मा काढून घेतला. बाजारातल्या बाया पदर तोंडाला लावून रडायल्या. बागवान रडायला. आणि किशन, मी पण रडले. बारा वर्षांत एक टिपूस काढलं नव्हतं मी. मढं न्हाई तर रडायचं कुणाला बघून? (डोळ्यात मिरच्यांची धूळ पण गेली होती, तेही खरं हाय.)

मग गांधीटोपीतला एक म्हातारा पुढं झाला, वाकून बघितलं, आणि हात जोडून म्हणाला, "अहो, हे तर गांधीबाबा हायेत!" बायनाबाईनं गाल पुन्हा चाचपला, नखानं टकटक वाजवून बघितला. मला वाटलं, आता हिच्या शिव्यांनी बैलं उधळतील. तर ती मटकन खाली बसली आणि हसायली. हसता हसता रडायली. कुणीतरी जय म्हणालं, समद्यांनी म्हटलं. भज्यावाल्यानं बैलांना पाणी पाजलं. रडवलं म्हणून एकानं पण आमाला बोल लावला न्हाई. असलं गाव हाय ते. त्याला नाव ठेवशील तर याद राख.

बायनाबाई गाडीतनं उतरलीच न्हाई. मी डोक्याशी, ती पायाशी, मधी बाबा, असे आमी निघालो. पांदीला लागलो तशी ती बारा वर्षांनी पहिल्यांदा माझ्याशी बोलली. "त्या दिवशी काय झालं होतं गं?" म्हणाली. मी खोटं बोलले न्हाई. भाजी खारट झाली होती. त्यांनी ताट सारलं. मी म्हणाले, गोड करून घालणारी मिळंल तिकडं जा, परत येऊ नका. हे मी तुलाबी सांगितलं नव्हतं. तिनं बाबाचे पाय घट्ट धरले. मग म्हणाली, "त्याला माझ्या हातचं पण खारटच लागायचं." आणि थोड्या वेळानं, "दसरा झाला की कर वहिनी तो विधी. रस्त्यात पाणी शिंपडलं म्हणतीस, फुलं घातली, रडले लोक. आता काय राहिलं?"

तवा समद्यांचे उपकार. माळणीचे, बाभळीवाल्याचे, तुझ्या शिडीचे, आणि त्या बाबाचे तर हायेतच. स्वतः मेल्यावर बारा वर्षांनी दुसऱ्याचं मढं होऊन माझ्या मांडीवर निजले, एवढं कोण करतं?

तुझी अक्का,
धुरपता

ता. क. दसऱ्यानंतर विधी हाय. तेराव्याला माहेरचं लुगडं भावानं आणायचं असतं, विसरू नको. पांढरं आणलंस तर तुलाच नेसवीन. मळखाऊ आण, शेतात चालंल असं.

आणखी ता. क. हे पत्र मुंजाजीच्या हाती लुगड्यासाठी पाठवलं न्हाई. बाबाच्या डोळ्यांवर चष्मा न्हाई, म्हणून पाठवलंय. दोन तारखेला पडदा सरकायचाय आणि आबासाहेबांना अजून ठाऊक न्हाई, मी तोंडावर दुसरं कापड बांधून ठेवलंय. पूर्णेत तारेचा गोल चष्मा मिळंल, काचा नकोत, मुंजाजीबरोबर लगेच पाठव. जुना बायनाबाईच्या पदराच्या गाठीत हाय. तिला म्हणाले, तो गांधीबाबाचा हाय. म्हणाली, ठाऊक हाय मला, आंधळी न्हाई मी. आणि गाठ आणखी आवळली. मी पुन्हा मागायची न्हाई. तू पण मागायचा न्हाईस.