माझ्या वाट्याचा एकच कप

४ मार्च
डॉक्टर म्हणाले, बीपी वाढलंय, ताण घेऊ नका. मी ताण घेतच नाही. त्यांचा पट्टाच आवळ होता.
लेकाने, बालाजीने, पुण्याहून फोनवर बजावलं, पुढच्या तपासणीत बीपी उतरलं नाही तर घराला कुलूप लावायचं आणि तू इकडे यायचं. त्याच्या चौथ्या मजल्यावर हळद कुठे वाळवू?
त्याने ताण कमी करायची पुस्तिका पाठवली. ह्याच्याच पहिलीच्या पुस्तकावर मी वाचायला शिकले, आता हा मला शिकवतो. पुस्तिकेत लिहिलंय, मनातलं रोज लिहा. लिहिते. मनात काही नाही.

५ मार्च, सकाळ
ठरलं. रोज फिरणं, लांब श्वास, आणि दिवसाला चहा एकच कप.
चहाचं आजच जमलं. नेहमीसारखे दोन केले. दुसरा ह्यांचा. हे गेले तरी त्यांचा कप भरल्याशिवाय गॅस बंद करवत नाही. गार व्हायला लागला की पिऊन टाकते. दूध काय फुकट येतं? पण तो माझ्यात धरायचा नाही.

७ मार्च
फिरायला निघाले. शेजारच्या गोजरबाईच्या ओट्यापर्यंत पोचले. ती म्हणाली, काहून एवढी झपझप चाललीस, कुणाशी भांडण हाय का? म्हटलं, ताण कमी करून राहिले. म्हणाली, मग बस की. बसले. तिच्या सुनेची सगळी तकलीफ ऐकली. चहाही झाला. दुसऱ्याच्या घरचा नाकारू नये.
फिरणं उद्या.

१० मार्च
शिजवलेली हळद अंगणात पसरलीय. तिच्याजवळच डोळे मिटून लांब श्वास घेतले. पुस्तिका म्हणते, जे येईल ते येऊ द्या, जाऊ द्या. गोजरबाईची शेळी आली आणि हळदीवर उभी राहिली. मी ओरडले ते अख्ख्या गल्लीने ऐकलं. गोजरबाई म्हणाली, तुझा ताण उतरला आसंल, माझं बीपी चढलं की बाई!
तिच्याशी बोलणं बंद. मन कसं हलकं झालं.

१३ मार्च
गोजरबाईकडे जायचं नाही, म्हणजे फिरायला जागाच उरली नाही. अंगणातली हळद पायाने खालीवर केली. तेच फिरणं.
हे असते तर म्हणाले असते, तुझा हिशेब बराबर. ह्यांचा कप आज काठोकाठ भरला.

१८ मार्च, सकाळ
बालाजी न कळवता आला. चहा नुकताच ओतला होता. दोन कप बघून म्हणाला, मी येणार हे कुणी सांगितलं? मग कान तुटलेला कप त्याने ओळखला. नंतर बसला आणि तो कप पिऊन टाकला.
म्हणाला, बाबांना एवढी साखर चालायची?
म्हटलं, त्यांची अजून तक्रार आलेली नाही.
हसता हसता दोघांचेही डोळे भरले. धूर नव्हता, तरी मी धूर म्हटलं.

दुपार
तपासणी झाली, बीपी उतरलंय. डॉक्टरांनी पट्टा बदलला असणार.
बालाजी म्हणाला, राहा इथंच, पण चहा एकच. म्हटलं, एकच तर पिते. मग गोजरबाईला म्हणाला, मावशी, आईवर लक्ष ठेवा. ती म्हणाली, ठेवते, पण ती माझ्याशी बोलून न्हाई राहिली.

१९ मार्च, सकाळ
बालाजी रात्रीच्या गाडीने गेला. घर भलतंच मोठं वाटतंय.
आज तीन कप झाले. तिसरा त्याच्या वाट्याचा. गार व्हायला लागलेत दोन्ही.
माझा एकच.