सासूबाई फार तापतात

२ मार्च
ऑफिसने भंगारात काढलेले पाच डेस्कटॉप घरी आणले. ते जोडून एक दांडगा कॉम्प्युटर करणार. क्लस्टर म्हणतात. बायकोला समजावलं की पाच जणांनी काम वाटून घेतलं की झटक्यात उरकतं. ती म्हणाली, या घरात दोघांनाही ते अजून जमलेलं नाही. दुर्लक्ष केलं.

३ मार्च
हेतू उदात्त आहे. सासरे जाऊन सहा वर्षं झाली. त्यांच्या गाण्यांची एकच कॅसेट उरलीय, त्यात गाण्यापेक्षा खरखर जास्त. सासूबाई (निवृत्त टेलिफोन ऑपरेटर) एकवीस तारखेला पंचाहत्तर वर्षांच्या होतात. त्या दिवशी त्यांना सासऱ्यांचा आवाज स्वच्छ ऐकवणार. बायकोला शब्द दिला. तिचे डोळे भरले. आता माघार नाही.

५ मार्च
पाचही मशिनवर लिनक्स टाकलं. लक्षात राहावीत म्हणून नातलगांची नावं दिली. माझ्या पुढ्यातला मालक, तो फक्त काम वाटणार. राबायला मेहुणा, साडू, आत्या आणि कोपऱ्यात सासूबाई. मग प्रत्येकाचा नेटवर्कवरचा नंबर यादीत घालायचा होता, काम ज्याच्या त्याच्याकडे जावं म्हणून. मान म्हणून सासूबाईंचा आधी टाईप केला, बाकीच्यांपुढे तोच कॉपी-पेस्ट. आकडे चहा झाल्यावर बदलेन.

९ मार्च, सकाळी ७
कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून खरखर काढायचं काम सुरू. अंदाजे दोन तास.

९ मार्च, संध्याकाळी ७
चार टक्के.

१२ मार्च
अकरा टक्के. दोष सापडला. मेहुणा, साडू, आत्या गार आणि शांत. शिस्त म्हणतात ती ही. सासूबाई मात्र तापतात आणि आवाज जिन्यापर्यंत. आज दोनदा बंद पडल्या. एकामुळे सगळ्यांचा खोळंबा.

१४ मार्च
टेबलफॅन सासूबाईंकडे वळवला. मी घामाघूम. बायको म्हणते, माझ्या भावाकडे नवा लॅपटॉप आहे, त्याच्याकडे द्या. मेहुण्याचं कौतुक मला सांगू नये. मेहुणा माझ्याकडेही आहे.

१६ मार्च
निर्णय झाला. विसरू नये म्हणून खोलीच्या दारावर कागद चिकटवला: ‘सासूबाई. फार तापतात. आवाज असह्य. उपयोग शून्य. रविवारी भंगारवाल्याला देणे.’

१७ मार्च
सासूबाई चार दिवस आधीच आल्या. खऱ्या. त्यांनी कागद वाचला. मग बायकोने वाचला. मी खुलासा केला की या तुम्ही नाही, या कोपऱ्यातल्या. नावामागचा आदरही सांगितला. चहा माझा मीच केला.

१८ मार्च
कोपऱ्यातल्या सासूबाईंची केबल उपटली. काम बत्तीस टक्क्यांवर थांबलंय. बहुधा विचार करतंय.

१९ मार्च
अजून बत्तीस. बायकोने विचारलं, परवापर्यंत होईल ना? हो म्हणालो. तिने पुन्हा विचारलं, तेव्हा हो म्हणवेना. फार वाईट वाटलं.
दुपारी सासूबाई खुर्ची ओढून शेजारी बसल्या. स्क्रीनवर यादी उघडीच होती. चष्मा लावून वाचली.
“जावईबापू, पाच नावांपुढे एकच नंबर? मग सगळे फोन एकाच घरी वाजणार.”
आकडे बदलायचे राहिले होते. चहाचा दोष. म्हणजे दहा दिवस तिघांनी काडी हलवली नाही, एकट्या सासूबाई सगळ्यांचं ओढत होत्या. मालक वाटत होता.

२० मार्च
नंबर दुरुस्त केले. खरं काम अंगावर येताच मेहुण्याने मान टाकली. साडूच्या पाठीतून धूर. आत्या सुरूच होईना. वेळ संपली.

२१ मार्च
बत्तीस टक्के म्हणजे एक गाणं. तेवढंच ऐकवलं. सासूबाईंनी दोनदा ऐकलं आणि रडल्या. बायको रडली. मीही. मग त्यांनी विचारलं, हे कुणी केलं? मी माझ्याकडे हात नेत होतो, तेवढ्यात बायकोने कोपरा दाखवला. सासूबाईंनी त्या डब्यावरून हात फिरवला.

२२ मार्च, रविवार
दारावरचा कागद तसाच आहे. फक्त ‘सासूबाई’ खोडून वर सासूबाईंच्या वळणदार अक्षरात ‘मालक’ लिहिलंय. बाकी मजकुरात बदल करावासा त्यांना वाटला नाही.
भंगारवाल्याने कागद वाचला आणि मालक कोण म्हणून विचारलं. सवयीने मीच पुढे झालो.