अर्ध्या दुकानातला कॉम्प्युटर

बार्शीटाकळी,
१२ मे २०१६

चि. जेबा बेटीस, मामूचे अनेक दुवा.

इकडे सगळे खुशाल, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. फोनवर तुझं बोलणं मला ऐकू येत नाही. जन्मभर जळक्या मोटरी दुरुस्त करून चालवून पाहिल्या, त्या आवाजात कान गेले. म्हणून पत्र.

दुकानाचे हाल वाईट आहेत. मोटर जळायची तर विहिरीत पाणी तरी हवं. लोकांनी मोटरी वर काढून घरात ठेवल्या, आता तार भरायला आणणार कोण? अर्धं दुकान नुसतं रिकामं पडलंय. इमरान म्हणतो, ईद झाली की चाकणच्या कारखान्यात जातो. हे ऐकल्यापासून तुझी मुमानी धड जेवत नाही. बापाचं दुकान सोडून कावून चालला, असं मी कारण विचारलं, तर म्हणाला, दुकान हाय कुठी? मग आपणच बोलला, की गेमचा एक चांगला कॉम्प्युटर असता तर या रिकाम्या जागेत पोरांना तासावर खेळायला बसवलं असतं, मले काही जायची हौस नाही.

बेटी, त्याचं तेवढं एक वाक्य मी धरून बसलोय. एकुलता एक पोरगा आहे. तयार कॉम्प्युटर आपल्याला झेपायचा नाही, सुटे भाग घेऊन जोडायचा विचार आहे. अकोल्याचा दुकानदार म्हणतो, सगळ्यात मोठा प्रोसेसर घ्या. तू अमरावतीत पोरांना हेच शिकवतेस, तर तूच सांग. इमरानला कळू देऊ नकोस, त्याला ईदीत द्यायचा आहे.

मुमानी तुझी आठवण काढते. आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा मामू,
अब्दुल सत्तार

अमरावती,
१८ मे २०१६

ती. मामू यांस, जेबाचा सलाम, वि. वि.

पत्र वाचून रडू आलं आणि थोडं हसूही आलं. मोबाइलवर गेम खेळणाऱ्या पोरांना कान धरून दुकानाबाहेर काढणारे तुम्हीच ना? आता त्यांनाच खुर्च्या मांडणार!

त्या दुकानदाराचं ऐकू नका. पाच हॉर्सपॉवरच्या विहिरीवर साडेसातची मोटर मागणाऱ्याला तुम्ही वेड्यात काढता, तसंच हे. प्रोसेसर मधला घ्या. गेमला खरा जोर ग्राफिक्स कार्डाचा लागतो, हात तिथे सैल सोडा. रॅम आठ जीबी पुरे, पण पुढे आणखी एक पट्टी बसेल असा मदरबोर्ड बघा. पॉवर सप्लायमध्ये मात्र कंजूसी नको, तुमच्याकडे लाइट कशी नाचते ते मला माहीत आहे. स्क्रीन आमच्या क्लासमधली जुनी देईन, चांगली आहे.

आणि मदरबोर्डाला फार जपा. धूळ आणि ओल हे त्याचे दोन दुश्मन. तुमच्या दुकानात दोन्हींची कमी नाही, म्हणून बजावते. परीक्षा आटोपल्या की मी स्वतः जोडायला येते. तोवर खोकी फोडू नका, हात जोडते.

मुमानींना माझ्या नावाने दोन घास जास्त वाढा. तुमचा हात माझ्या डोक्यावर असाच राहू द्या.

तुमची,
जेबा

बार्शीटाकळी,
११ जून २०१६

चि. जेबा बेटीस, अनेक दुवा.

तुझं ऐकलं नाही. तुझ्या परीक्षा संपेनात आणि रोजे सुरू झाले, मला दम निघेना. इमरान अकोल्याला हमालीला गेला की मी खोकी उघडून बसायचो. खोक्यातल्या पुस्तकात चित्रं होती, तारांचं काम तर हातचंच.

पण त्याआधी मी बोर्डाला वार्निश दिलं. आपल्या धंद्यात वार्निश दिल्याशिवाय नग दुकानाबाहेर जात नाही. तारेला मग धूळ लागत नाही, ओल लागत नाही. तू जपा म्हणून लिहिलंस. मी चांगले दोन हात दिले, सगळ्या खाचांमध्ये आत सोडलं, उन्हात वाळवलं. मोठा चकचकीत दिसत होता. मग सगळं बसवून बटण दाबलं. काही नाही. पंखासुद्धा फिरला नाही.

अकोल्याच्या दुकानदाराने पाहिलं आणि शेजारच्यांना बोलावून दाखवलं. वार्निशने प्रोसेसर खाचेत चिकटून बसलाय, बोर्ड आणि प्रोसेसर दोन्ही गेले म्हणतो. लोक हसत होते आणि मी रोजाच्या तोंडाने उभा होतो. या वयात इतकी लाज कधी वाटली नव्हती. ईद जवळ आली, बेटी, आणि माझ्या हातात काही नाही.

या वेड्या मामूला मनातून काढू नकोस.

अब्दुल सत्तार

अमरावती,
१६ जून २०१६

ती. मामू यांस, सलाम, वि. वि.

चूक माझी आहे. धूळ-ओल लिहून मोकळी झाले, कसं जपायचं ते लिहिलंच नाही. उगाच स्वतःला कोसू नका. कार्ड, रॅम, पॉवर सप्लाय शाबूत आहेत ना? मग बोर्ड आणि प्रोसेसर मी आणते. ईदेआधीच्या रविवारी येते, संध्याकाळपर्यंत गेम चालू करून दाखवते. इमरानला मात्र आता खरं सांगून टाका, म्हणजे तो थांबेल.

एक विचारू? इतके भाग तुम्ही घेतले कशातून? मला काळजी वाटते.

जीव लावता तसाच लावत राहा.

तुमची,
जेबा

बार्शीटाकळी,
२४ जून २०१६

चि. जेबा बेटीस, अनेक दुवा.

तुझ्या सांगण्यावरून इमरानला सगळं सांगितलं. बोर्ड पुढे ठेवला. तो हसला नाही. दुकानात आला, थिनर आणि बारीक ब्रश घेऊन एकेक खाच साफ करायला बसला. मी शेजारी बसून बत्ती धरली. पुष्कळ दिवसांनी आम्ही दोघं एका कामावर होतो. बोर्ड सुधारला नाही, पण मला वाटलं, पोरगा राहिला.

मग साफ केलेला भाग वाळवायला तो मागच्या टेबलाकडे गेला आणि तिथेच उभा राहिला. तिथे माझं कॉइल गुंडाळायचं मशीन असायचं. तू विचारलंस ना, कशातून घेतले? ते विकून घेतले. मला वाटलं होतं, कॉम्प्युटर चालला की त्याचं काय काम.

इमरान इतकंच म्हणाला, की अब्बा, तुमी मशीन इकली, आता पाणी आलं तरी दुकान कशावर चालन? आता त मले जाच लागीन. पहिल्यांदा तो म्हणाला होता, जायची हौस नाही; या वेळी जातो म्हणताना रडत होता. काल गेला. ईदेलाही थांबला नाही, ठेकेदाराची गाडी आली होती.

मी त्याला ठेवायला गेलो आणि मीच घालवला, जेबा. दुसरं काय म्हणू?

बोर्ड घेतला असशील तर परत कर. मुमानी शीरखुर्मा करणार नाही म्हणते. तरी ठरल्या रविवारी तू ये. नुसती येऊन बस.

तुझा मामू,
अब्दुल सत्तार